कधीच पाळता येणार नाही असा कुठला प्राणी तुमच्या मनात आहे?

खाडीकाठची
कुत्र्यामांजरांचे धागे इथे भरपूर आहेत, मला जरा वेगळं विचारायचंय. असा एखादा प्राणी आहे का जो तुम्हाला लहानपणापासून पाळावासा वाटतो आणि तरी मनातून पक्कं माहितीये की तो काही आपल्याकडे येणार नाही?

माझं पाणमांजर. माझं आजोळ मालवणच्या अलीकडे, खाडीला लागून, आणि मे महिना आम्हा सगळ्या भावंडांचा तिथेच जायचा. मी आठेक वर्षांची असेन, आजोबांनी एकदा पहाटे उठवलं आणि बांधावर नेलं. ओहोटी लागलेली, समोर चिखलात पाच पाणमांजरं, दोन मोठी नि तीन पिल्लं. मोठीने मासा आणून काठावर टाकला, पिल्लं त्याच्यावर तुटून पडली, मग खाणं झाल्यावर लोळणं काय, एकमेकांच्या अंगावर चढणं काय, आणि शीळ घातल्यासारखा आवाज करत परत सगळी पाण्यात. मी आजोबांना म्हटलं यातलं एक घरी नेऊया, मागच्या टाकीत ठेवूया. ते म्हणाले, "तेका आखी खाडी लागता गो बाय, तुजी टाकी खंय पुरतली?"

पस्तीस वर्षं होऊन गेली. आता ठाण्यात सहाव्या मजल्यावर राहते. पण अजून कुठल्या तलावाजवळ गेले की आधी काठाकडे लक्ष जातं. तुमचं सांगा.

आंबेगावकर
शेकरू!! विचार करायची गरजच नाही.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकर तासाभरावर. शाळेच्या सहलीत पहिल्यांदा बघितलं, डोक्यावरच्या फांदीवरून समोरच्या झाडावर असं काही झेपावलं की आम्ही पोरं ओरडलोच. तांबूस तपकिरी अंग, पोट पिवळट, आणि शेपूट अंगापेक्षा लांब. नंतर वाचलं की एका उडीत वीस फुटांपर्यंत अंतर कापतं. आपला राज्यप्राणी आहे तो, भीमाशंकरचं अभयारण्यसुद्धा १९८५ साली मुख्यतः त्याच्यासाठीच झालं.

माझ्या स्वप्नात ते माझ्या खांद्यावर बसून शाळेत यायचं. पण हा प्राणी जमिनीवर उतरतच नाही फारसा, त्याचं खाणंपिणं झोपणं सगळं वरच्या वर. काटक्या आणि पानं विणून शेंड्याजवळ घरटं करतं, तेही एक नाही, एकेक शेकरू जवळजवळच्या झाडांवर पाचसहा घरटी बांधून ठेवतं. आणि हे सगळं केव्हा चालतं, तर झाडाला झाड लागून असेल तेव्हा. मध्ये रस्ता रुंद केला नि फांद्या तुटल्या की त्याची वाटच संपली. ज्याला सहा घरं लागतात आणि सगळी आभाळात लागतात, त्याला मी माझ्या खोलीत कुठे ठेवणार होतो?

मनवा_
बाळबोध प्रश्न विचारते, पाणमांजर म्हणजेच उदमांजर का? आमच्या दापोलीच्या घराच्या माळ्यावर उदमांजर यायचं, रात्री धुडगूस नुसता, आणि आई म्हणायची आंबेमोहोर शिजल्यासारखा वास आला की समजायचं आलं ते.

खाडीकाठची
नाही गं, दोन्ही वेगळी. उदमांजर झाडावर चढणारं, फळं उंदीर पाल जे मिळेल ते खाणारं, आणि तो वास त्याच्या शेपटीखालच्या ग्रंथींचा. पाणमांजर पाण्यातलं, बोटांमध्ये पडदे असतात, मासे आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे, खातं. त्याच्या विष्ठेचा वास मात्र आंबेमोहोरासारखा अजिबात नसतो! खवले आणि कुर्लीच्या कवचाचे तुकडे चमकत असतात त्यात, ठराविक दगडावरच येऊन करतात, त्यावरूनच जागा कळते.

निशिगंध७१
माझं स्वप्न म्हणता येणार नाही कारण आमच्याकडे होता. पोपट. १४ वर्षं होता. आजीने बाजारातून आणला होता, तेव्हा घरोघरी असायचे आणि हे बेकायदा आहे असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. तो आजीच्या आवाजात "दार लावा" म्हणायचा, आजी गेल्यानंतरही दीड वर्ष म्हणत होता आणि बाबा प्रत्येक वेळी उठून बाहेर जायचे.

एक गोष्ट मात्र अजून मनातून जात नाही. एकदा पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं. तो बाहेर आला, कठड्यावर बसला, समोरच्या पिंपळावर त्याच्याच जातीचा थवा ओरडत होता, तो बघत राहिला आणि मग आपणहून पिंजऱ्यात परत गेला. आम्ही ही गोष्ट कौतुकाने पाहुण्यांना सांगायचो, बघा किती लळा लागलाय म्हणून. माझी मुलगी आता पक्षी बघायला जाते, तिने ऐकलं आणि म्हणाली आई, त्याला उडताच येत नसणार, इतकी वर्षं पंख पसरायला जागाच मिळाली नव्हती ना. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कलम_४९
निशिगंध, मनापासून लिहिलंत. त्या काळी खरंच कुणी सांगायचं नाही.

कायद्याचं थोडक्यात लिहितो कारण पुढे कुणीतरी विचारणारच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. ढोबळ अर्थ असा की आपल्या रानातलं, आभाळातलं, खाडीतलं जे आहे ते घरात ठेवता येत नाही. पोपट, मुनिया, मैना, चांदणी कासव, शेकरू, खार, पाणमांजर सगळं आलं यात. 'विकत घेतलंय', 'जखमी सापडलं म्हणून ठेवलंय' ही कारणं चालत नाहीत, जखमी सापडलं तर वनखात्याला कळवायचं, महाराष्ट्रात १९२६ हा नंबर आहे. मकाव, आफ्रिकन ग्रे वगैरे परदेशी जातींचं वेगळं, त्यांच्यासाठी २०२४ मध्ये नियम आले आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. दुकानदार "काही लागत नाही हो" म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

वाई_कृष्णाकाठ
चांदणी कासवाचं नाव आलं म्हणून लिहिते. घरात कासव असलं की लक्ष्मी नांदते असं कुणीतरी माझ्या सासऱ्यांना सांगितलं आणि एक दिवस ते खोक्यात घेऊन आले. तळहाताएवढं. पाठीवर पिवळ्या रेघा अशा की खरोखर चांदण्या काढल्यात. मला ते फार फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. आम्ही त्याला काकडी, टोमॅटो, भिजवलेली पोळी घालायचो, प्रेमानेच घालायचो. दोन वर्षांत त्याच्या पाठीवर टेंगळं आली, कवच मऊ पडायला लागलं. डॉक्टर म्हणाले ऊन नाही, चारा चुकीचा, कॅल्शियम नाही, हे गवत आणि रानपाला खाणारं जनावर आहे.

वनखात्याकडे नेऊन दिलं. मला वाटलं होतं आता ते रानात जाईल, पण तिथल्या माणसाने समजावून सांगितलं की हे कुठल्या रानातलं आहे हेच माहीत नसल्याने कुठेही सोडता येत नाही, रोग जाऊ शकतात, तिथल्या कासवांत मिसळ होऊ शकते. म्हणजे ते आता जन्मभर कुठल्यातरी केंद्रातच. एकदा उचललं की परतीचा रस्ता बंद होतो, हे मला त्या दिवशी कळलं. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारातही त्याच्यावर सगळ्यात कडक बंदी आहे, तरी विमानतळांवर बॅगा भरभरून पकडल्या जातात.

भीमथडी
माझं स्वप्न कायद्याने पूर्ण होऊ शकतं आणि तरी होणार नाही, त्याचं काय करू?

घोडा. तोही मारवाडी काठियावाडी नाही, आपला भीमथडीचा. पुण्याच्या पूर्वेला दौंड, इंदापूर, फलटण, बारामती या बाजूला ज्यांनी धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट अख्खं बिऱ्हाड, चालताना बघितलेत त्यांनी तो बघितलाच असेल, ठेंगणा, काटक, पाठीवर भांडी, जाळ्या, कोंबड्या, नुकतं झालेलं कोकरू आणि वर एखादं लहान पोर. "भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजलं" असं आपण भाषणात ऐकतो ना, ते हेच तट्टू. दख्खनच्या दगडात चालेल, कडब्यावर जगेल, दिवसाला मैलोन् मैल जाईल, आणि मराठ्यांची सगळी धावपळ याच्या पाठीवर झाली. इंग्रजांच्या कागदपत्रात त्याचं कौतुक आहे, मग तो मागे पडत गेला आणि शेवटी राहिला तो धनगरांकडेच. देशी घोड्यांच्या सरकारी यादीत स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद झाली ती अगदी अलीकडे, ते वाचलं तेव्हा मी ऑफिसात उभा राहिलो होतो अक्षरशः.

मी हडपसरला दोन खोल्यांत राहतो. दर वर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजाराला जातो, तापीच्या काठी, हजारो घोडे असतात, रवाल चाल (न हिंदकळणारी) दाखवतात, दात बघून वय काढतात, रुमालाखाली बोटं धरून सौदे होतात. मी काही घेत नाही. दोन दिवस फिरतो, घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांशी बोलतो, एखाद्याने दिला तर घोड्याचं अंग घासून खरारा करतो आणि परत येतो.

नालबंदाचा_नातू
भीमथडी, वाचून बरं वाटलं. आमच्याकडे तीन पिढ्या नालबंदीचं काम होतं म्हणून सांगतो, घोडा विकत घेणं ही सगळ्यात सोपी गोष्ट. दीड महिन्याला नाल बदलायचे, खूर कापायचे, चंदी, म्हणजे दाणा, वेळेवर आणि मापात, खरारा रोज, पाऊस असो लग्न असो. आणि पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, आत जे गेलं ते पुढेच जायला हवं, अडलं की जनावर लोळतं, घामाघूम होतं आणि रात्रीतून जातं. माझ्या आजोबांनी एका घोडीला पहाटेपर्यंत चालवत ठेवलेलं मी बघितलंय, वाचली ती.

अजून एक, घोडा एकटा ठेवू नये. कळपातलं जनावर आहे, एकट्याला झोपसुद्धा नीट लागत नाही कारण पाळत ठेवायला दुसरं कुणी नसतं. तुम्हाला घ्यायचाच असेल तर दोन घ्या. गावाकडे कधी जागा झाली तर मला सांगा, नाल मारायला मी येईन.

भीमथडी
तुमचा निरोप मी बायकोला वाचून दाखवला. धन्यवाद दादा.

रंकाळा_संध्याकाळ
चित्ता.

आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडे संस्थानात चित्ते होते हे नव्या पोरांना खोटं वाटतं. शाहू महाराजांच्या काळात काळविटाच्या शिकारीसाठी पाळलेले, आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान वेगळे. डोळ्यांवर टोपी घालून चित्त्याला गाडीवरून माळावर न्यायचं, कळप दिसला की टोपी काढायची, बास, काही सेकंदांचा खेळ. आजोबा सांगायचे की चित्तेवानांच्या घरी चित्ता खाटेला बांधलेला असायचा, मांजरासारखा घुरघुरायचा. चित्ता डरकाळी फोडतच नाही, घुरघुरतो, हे खरंच आहे. मला तेच हवं होतं, रात्री उशाशी घुरघुरणारा चित्ता.

मोठा झाल्यावर दुसरी बाजू वाचली. इतक्या शतकांत इतक्या राजांनी इतके चित्ते पाळले, अकबराकडे तर हजार होते म्हणतात, आणि त्या सगळ्या काळात पाळलेल्या चित्त्यांना पिल्लं झाल्याची नोंद एकच, जहांगीराच्या वेळची. म्हणजे प्रत्येक नवा चित्ता रानातून धरून आणलेला. रान रितं होत गेलं, पुढे इथले मिळेनात म्हणून आफ्रिकेतून आणावे लागले. १९५२ मध्ये तो भारतातून संपल्याचं जाहीर झालं. शिकार, माळरानं नांगरणं ही कारणं आहेतच, पण हौसेने पाळणंही त्यात आहे आणि ते माझ्या शहरातही झालं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात आले तेव्हा टीव्हीसमोर मी रडलो.

समुद्रफेन
मी खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवते, प्रवाळ आणि मासे, वीसेक वर्षं झाली. मला ऑक्टोपस हवाय आणि मी कधीच आणणार नाही. कारण शक्य नाही असं नाही, जमेल मला. पण तो माणूस ओळखतो, डबा उघडतो, कंटाळतो. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या नेपियर शहरातल्या मत्स्यालयातून इंकी नावाचा एक ऑक्टोपस रात्री टाकीच्या फटीतून निघाला, जमिनीवरून सरपटत गेला आणि पाण्याच्या नळीतून थेट समुद्रात. मला ती बातमी पाठ आहे.

आणि दुसरं कारण म्हणजे आयुष्य. तीन हृदयं, निळं रक्त, एवढा मेंदू, आणि जगतात बहुतेक जाती एक ते दोन वर्षं. मादी अंडी घातली की खाणं सोडते, त्यांच्यावर पाणी फुंकत राखण करते आणि पिल्लं बाहेर पडेस्तोवर संपते. एवढ्याशा आयुष्यातलं वर्षभर माझ्या चार फुटी काचेत? नाही. माझी ती टाकी मी मुद्दाम रिकामी ठेवलीये, नुसता दगड आहे आत.

मेलबर्नची_मावशी
इथे ऑस्ट्रेलियात माझ्या लेकीचं स्वप्न वॉम्बॅट, कांगारूसारखं पोटाला पिशवी असलेलं, बिळात राहणारं जनावर. पाळायला परवानगी नाही, पण त्यावरून आम्ही एका कामाला लागलो ते सांगते. रस्त्यावर गाडीखाली वॉम्बॅट मेलेली दिसली की इथले लोक थांबून तिची पिशवी तपासतात, कारण आत पिल्लू जिवंत असू शकतं. तिची पिशवी मागच्या बाजूला उघडते, बीळ उकरताना माती आत जाऊ नये म्हणून. अशी पिल्लं परवानाधारक लोक घरी वाढवतात, कापडी पिशवीत, दर काही तासांनी दूध, रात्रीसुद्धा. आमच्या ओळखीच्या बाईंकडे आम्ही शनिवारी मदतीला जातो, पिशव्या धुणं, गवत आणणं, खरजेने आजारी आलेल्या मोठ्या वॉम्बॅटांचं औषध, एवढंच.

लेक पहिल्यांदा पिल्लाला बाटली धरून बसली तेव्हा म्हणाली आई हे मला सोडून कधीच जाणार नाही. दीडेक वर्षात त्याच पिल्लाने दाराची फळी कुरतडली, चावायला लागलं, जवळ येऊ देईना. त्या बाई खूश! म्हणाल्या आता हा तयार झाला. माझ्या लेकीला आधी रडू आलं, मग सोडायला गेलो त्या संध्याकाळी ती गाडीत गप्प होती आणि घरी आल्यावर म्हणाली पुढचं पिल्लू कधी येईल?

माळरान
खोकड. आणि आधी एक खुलासा, आपल्या गोष्टीतला कोल्हा वेगळा नि खोकड वेगळं. कोल्हेकुई करतो तो कोल्हा अंगाने मोठा. खोकड लहान, मांजरापेक्षा थोडं मोठं, टोकदार कान, झुबकेदार शेपटी आणि शेपटीचं टोक काळं. इंदापूरकडे कडबनवाडीच्या गवताळ माळावर जोडी दिसते, बीळ करून राहतात, टोळ, उंदीर, बोरं खातात.

रशियात नोवोसिबिर्स्कला १९५९ मध्ये दिमित्री बेल्यायेव यांनी रुपेरी खोकडांवर (सिल्व्हर फॉक्स) प्रयोग सुरू केला, दर पिढीतले सगळ्यात कमी बुजणारे तेवढे निवडायचे नि त्यांचीच पुढची वीण. काही पिढ्यांत पिल्लं शेपटी हलवायला लागली, हात चाटायला लागली, कान पडले, अंगावर ठिपके आले. आधी वाचलं तेव्हा वाटलं मलाही तसलं एक मिळावं. पण त्या प्रयोगानेच माझी हौस फिटली, कारण माणसाळवायला पिढ्यान् पिढ्या लागल्या, आणि मी एका जनावराकडून एका आयुष्यात ते मागत होतो. शिवाय कान पडलेलं खोकड मला नकोच आहे. मला ते माळावरचंच आवडतं, जे मला बघून एकदा थांबतं आणि मग जातं.

पिंगळा_बोलतोय
सगळं छान आहे पण मी विरोधी मत मांडतो, राग मानू नका. अशी स्वप्नं बोलून दाखवण्यानेच बाजार तयार होतो. स्लो लॉरिस नावाचा प्राणी आहे, आसामपासून इंडोनेशियापर्यंत सापडतो, त्याला गुदगुल्या करतानाचा व्हिडिओ करोडो लोकांनी बघितला, दोन्ही हात वर करतो म्हणून गोड वाटतो. ते हात वर करणं म्हणजे घाबरून स्वतःचा बचाव, त्याच्या कोपराजवळच्या ग्रंथीतला स्राव लाळेत मिसळला की चावा विषारी होतो. विक्रीसाठी त्यांचे दात नेलकटरने तोडतात. लोकांनी व्हिडिओखाली काय लिहिलं? "मला पण हवा". पाणमांजरांचंही तेच, जपानमध्ये पाणमांजर कॅफे निघाले, पिल्लांची तस्करी इतकी वाढली की २०१९ मध्ये व्यापारावर पूर्ण बंदी आणावी लागली.

खाडीकाठची
पिंगळा, राग कशाला. ते व्हिडिओ मी बघायचे, खोटं नाही बोलणार, आणि बंदीची बातमी वाचली तेव्हा बघणं बंद केलं. पण हवंसं वाटणं चूक आहे असं मी मुलीला सांगू शकत नाही. मला पाणमांजर हवंसं वाटलं म्हणून तर मला ती खाडी कळली, कांदळवन कळलं, वाळू उपशाने काठ ढासळले की त्यांची बिळं जातात हे कळलं. आजोबांनी त्या दिवशी नुसतं "गप बस" म्हटलं असतं तर मी आज यातलं काहीच बघितलं नसतं.

पिंगळा_बोलतोय
हे पटलं. आजोबांनी कारण सांगितलं, हा फरक आहे खरा. बाजार मात्र कारण सांगत नाही.

वरोऱ्याचा_पाव्हणा
गडचिरोलीतल्या हेमलकसाचा उल्लेख कुणी केला नाही अजून. डॉ. प्रकाश आमटे यांनी तिथे अनाथ प्राण्यांना जागा दिली, बिबटे, अस्वलं, हरणं. सुरुवात झाली ती शिकार करून आणलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू चिकटलेलं होतं ते त्यांनी तिथल्या माडिया आदिवासींकडून मागून घेतलं तेव्हापासून. मी कॉलेजात असताना गेलो होतो. परत येताना माझ्या डोक्यात फक्त बिबट्याला मांडीवर घेणं होतं, पण सोबतच्या सरांनी विचारलं, यातल्या प्रत्येकाची आई कुठंय? तो प्रश्न कोणताही गोंडस प्राण्याचा फोटो बघितला की अजून येतो.

माडाची_सावली
माझा महाधनेश पक्षी. देवरुखच्या बाजूला देवराईत बघितला, पंखांचा आवाज आधी येतो, आगगाडी गेल्यासारखा. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, एवढीशी फट ठेवते आणि नर महिनोन् महिने त्यातून उंबराची, वडाची फळं भरवतो. नर मेला तर आत सगळ्यांचीच उपासमार. मला तो पाळायचा नाहीये आता, मी दोन वर्षांपूर्वी आमच्या बागेच्या कडेला उंबर लावलेत.

खाडीकाठची
काल रात्री मालवणला पोचलो. धाग्यावर एवढं सगळं वाचून लेकीनेच हट्ट धरला. आजोबांचा बांध अर्धा वाहून गेलाय, पण दगड तोच आहे. पहाटे पावणेसहाला गेलो, थंडी, धुकं. पाणमांजर दिसलं नाही. दगडावर विष्ठा होती, ताजी, ओली, त्यात खवले आणि कुर्लीचा एक लाल तुकडा, आणि चिखलात पडद्याच्या पायांचे ठसे पाण्यापर्यंत गेलेले, मोठे दोन आणि मध्ये लहान. लेकीने ठशाशेजारी स्वतःचा हात ठेवून बघितला.

शेजारचे बाबलकाका म्हणाले काल रात्रीच जाळं फाडून गेली, चांगल्या बोयटी (मासे) होत्या. चिडलेले होते, आणि त्यांचं खरंच नुकसान झालंय, जाळ्याचे पैसे मी देऊ केले तर घेतले नाहीत. पण जाता जाता मागे वळून त्यांनीच सांगितलं, उद्या ओहोटी आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा आहे, त्या हिशोबाने या.